सूचिबद्ध कंपनीत हिशेबाचा निर्णय घेताना: रोखे कायद्याच्या कसोट्या, एकेक पायरी करत

मे २०२१मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशननं, म्हणजे एसईसीनं, अंडर आर्मर या खेळाचे कपडे बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध आदेश काढला. ग्राहकांनी पुढच्या तिमाहीत मागवलेला माल कंपनीनं आधीच्याच तिमाहीत पाठवला आणि २०१५च्या उत्तरार्धापासून सलग सहा तिमाह्या विक्रीचा आकडा विश्लेषकांच्या अंदाजापर्यंत नेला, असं आयोगाचं म्हणणं होतं. अशा ओढून आणलेल्या ऑर्डरी एकूण ४० कोटी ८० लाख डॉलरच्या होत्या. आरोप मान्य किंवा अमान्य न करता कंपनीनं ९० लाख डॉलर भरले.

या प्रकरणात विक्री चुकीच्या तिमाहीत नोंदवली असा आरोप नव्हता, आणि बहुतेकांच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. माल खरोखर रवाना झाला होता. हिशेबाच्या मानकांवर बोट ठेवलेलं नव्हतं. आक्षेप एवढाच होता की गुंतवणूकदारांना वाढीची इतर कारणं सांगितली गेली, पण ही वाढ पुढच्या तिमाहीच्या ताटातून उचलून आणली आहे, हे सांगितलं गेलं नाही.

कंपनीत हिशेबाचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येकानं या उदाहरणापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. लेखामानक विचारतं, व्यवहार नीट नोंदवला का? रोखे कायदा, म्हणजे शेअर आणि कर्जरोख्यांच्या बाजाराचा कायदा, विचारतो, वाचणाऱ्याची दिशाभूल झाली का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘नाही’ येतंच असं नाही. १९६९ साली काँटिनेंटल व्हेंडिंग या कंपनीच्या लेखापरीक्षकांवरच्या फौजदारी खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयानं हे स्पष्ट केलं. ताळेबंद प्रचलित तत्त्वांना धरून होता, अशी साक्ष नामांकित लेखातज्ज्ञांनी दिली होती. न्यायालयानं ती साक्ष मोलाची मानली, पण तेवढ्यानं सुटका होत नाही असंही सांगितलं. ताळेबंद एकूण मिळून खरं चित्र दाखवतो का, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

पुढच्या पायऱ्या याच दोन प्रश्नांना एकत्र हाताळण्याच्या आहेत. कायद्यांची उदाहरणं मुख्यतः अमेरिकेची आहेत, कारण या विषयावरचे निवाडे तिथे सगळ्यांत जास्त झाले आहेत. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे भारत आणि युरोपचाही उल्लेख केला आहे.

पायरी १: आकडा कुठे छापला जाणार, ते आधी बघा

एकच आकडा चार ठिकाणी जाऊ शकतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची जोखीम वेगळी असते. निर्णयाच्या टिपणात पहिली ओळ हीच असावी.

पहिलं ठिकाण म्हणजे भांडवल उभारणीचं माहितीपत्रक. १९३३च्या अमेरिकी कायद्याचं कलम ११ इथे लागू होतं आणि ते फार कडक आहे. माहितीपत्रकातलं महत्त्वाचं विधान खोटं निघालं, तर कंपनीचा हेतू काय होता हे गुंतवणूकदाराला सिद्ध करावं लागत नाही. संचालक आणि तज्ज्ञ ‘आम्ही पुरेशी चौकशी केली होती’ असा बचाव घेऊ शकतात, कंपनीला तो बचावही नाही. म्हणून ज्या वर्षी नवे शेअर किंवा कर्जरोखे बाजारात आणायचे आहेत, त्या वर्षी सीमारेषेवरचे हिशेबी निर्णय वेगळ्या काळजीनं घ्यावे लागतात. गेली तीन वर्षं चालून गेलेली पद्धत माहितीपत्रकात जाताच धोक्याची ठरू शकते.

दुसरं ठिकाण तिमाही आणि वार्षिक अहवालांचं. तिसरं म्हणजे प्रसिद्धिपत्रक, विश्लेषकांसोबतचा फोन, सादरीकरणाच्या स्लाइड्स. इथे १९३४चा कायदा आणि त्याखालचा १९४२चा, फसवणुकीला मनाई करणारा नियम १०बी-५ येतो. त्यात हेतू किंवा घोर बेपर्वाई दाखवावी लागते, पण व्याप्ती मोठी आहे. वित्तप्रमुख (सीएफओ) फोनवर सहज बोलून गेलेलं वाक्यही त्यात सापडतं.

चौथं ठिकाण लोक विसरतात: खुद्द वह्या. १९७७च्या दुरुस्तीनं अमेरिकी कायद्यात असं बंधन आलं की कंपनीच्या नोंदी वाजवी तपशिलासह खऱ्या आणि नेमक्या असल्या पाहिजेत. या बंधनाला ‘रक्कम मोठी असेल तरच’ अशी पळवाट नाही. खर्च खोट्या नावाखाली टाकला, तर अंतिम नफ्यात फरक पडला नाही तरी उल्लंघन होतं.

भारतात सूचिबद्ध कंपनीच्या बाबतीत सेबीचे २०१५चे सूचीकरण व प्रकटीकरण नियम पाहावेत. त्यांतला नियम ३३ तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत मागतो. ही मुदत स्वतःच हिशेबावर दबाव आणते. मुदत जवळ आली की अंदाज घाईत केले जातात, आणि घाईत केलेला अंदाज बहुतेक वेळा गेल्या तिमाहीच्या अंदाजाची नक्कल असतो.

पायरी २: धोरण, अंदाज की चूक?

समोरचा प्रश्न तीन कप्प्यांपैकी कुठल्या कप्प्यात जातो ते ठरवा. मानकात दोन पद्धतींना परवानगी असून त्यांतली एक निवडायची असेल, तर ते धोरण. भविष्याबद्दल आडाखा बांधायचा असेल, उदाहरणार्थ यंत्र किती वर्षं चालेल किंवा किती येणी बुडतील, तर तो अंदाज. आणि पूर्वीच हातात असलेली माहिती वापरली नसेल किंवा चुकीची वापरली असेल, तर ती चूक.

हा फरक केवळ वर्गीकरणाचा नाही. अंदाज बदलला तर परिणाम या आणि पुढच्या वर्षांवर होतो, मागचे आकडे तसेच राहतात. चूक निघाली आणि ती महत्त्वाची असली, तर मागचे निकाल दुरुस्त करावे लागतात आणि तेही जाहीरपणे. मग चुकीला ‘अंदाजातला बदल’ म्हणण्याचा मोह होतो. हा मोह मी अनेक कंपन्यांत पाहिला आहे आणि तो फार सभ्य शब्दांत येतो: “आता अधिक चांगली माहिती उपलब्ध झाल्यानं...” असं वाक्य टिपणात दिसलं की एकच प्रश्न विचारा. ही माहिती मागचे हिशेब मंजूर झाले त्या दिवशी उपलब्ध होती का, आणि थोडे कष्ट घेतले असते तर मिळाली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर ती चूकच आहे.

अंदाजही निरागस नसतात. वेस्ट मॅनेजमेंट या कचरा उचलणाऱ्या कंपनीनं १९९०च्या दशकात कचऱ्याच्या ट्रकांचं आयुष्य कागदावर वाढवलं आणि त्यांची भंगार किंमतही आधाराशिवाय चढवली. ट्रक तेच, रस्ते तेच, फक्त दरवर्षीचा घसारा कमी झाला आणि नफा वाढला. १९९८मध्ये कंपनीनं मागच्या वर्षांचे आकडे दुरुस्त केले, तेव्हा दुरुस्ती १७० कोटी डॉलरच्या घरात गेली. घसारा हा अंदाज आहे, व्यवस्थापनाचा अधिकार आहे, असं म्हणून ते सुटलं नाही, कारण अंदाजाखाली काहीच पुरावा नव्हता.

आणि जिथे अंदाजच नसतो, तिथे तर प्रश्न सरळ असतो. वर्ल्डकॉम इतर दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यासाठी भाडं भरायची. तो चालू खर्च. २००१ आणि २००२च्या पहिल्या तिमाहीत त्यातले ३८० कोटी डॉलर भांडवली खर्च म्हणून ताळेबंदात ढकलले गेले आणि जिथे तोटा दिसायला हवा होता तिथे नफा दिसला. कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागानं ते शोधून काढलं. त्या नोंदींच्या मागे ना करार होता ना बिल. कप्पा ठरवताना आधी मूळ कागद हातात घ्या, असं मी आग्रहानं सांगतो ते याचसाठी.

पायरी ३: रक्कम ‘लहान’ आहे असं म्हणण्याआधी

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. कार्यालयात रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे “पाच टक्क्यांच्या आत आहे, सोडून द्या.” १९९९मध्ये एसईसीच्या कर्मचाऱ्यांनी काढलेल्या ९९ क्रमांकाच्या लेखा परिपत्रकानं हा पाच टक्क्यांचा आडाखा केवळ सुरुवातीचा पडताळा म्हणून ठेवला. निर्णय त्यावर संपवायला नकार दिला. त्याआधी १९७६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कसोटी दिली होती: उपलब्ध माहितीच्या एकूण चित्रात या गोष्टीनं वाजवी गुंतवणूकदाराला लक्षणीय फरक पडला असता का? १९८८च्या दुसऱ्या निवाड्यात, घटना अजून घडलेली नसेल तर ती घडण्याची शक्यता आणि तिचं आकारमान, दोन्ही एकत्र तोलायला सांगितलं.

व्यवहारात हे असं दिसतं. आकडे कोटींत आहेत, चलन कोणतंही धरा. नफा १०० आहे. त्यात २ची चूक सापडली, म्हणजे फक्त दोन टक्के. पण विश्लेषकांचा अंदाज ९९ होता. चूक काढली तर ९८ होतात आणि अंदाज हुकतो. किंवा मागच्या वर्षी नफा ९८.५ होता, मग दुरुस्तीनंतर वाढीच्या जागी घट दिसते. किंवा बँकेच्या कर्जाची अट पाळली गेली ती याच २मुळे. किंवा वरिष्ठांचा बोनस ९९वर सुरू होतो. परिपत्रकात असे प्रश्न नावानिशी आहेत: चुकीमुळे नफ्याचा कल लपतो का, तोट्याचा नफा होतो का, विश्लेषकांच्या अपेक्षा हुकल्याचं झाकलं जातं का, व्यवस्थापनाचा मोबदला वाढतो का, एखादा बेकायदा व्यवहार दडतो का, कंपनी ज्याला भविष्याचा आधार मानते त्या विभागाचाच आकडा बिघडतो का. यांतलं एकही उत्तर ‘हो’ आलं, तर दोन टक्के लहान राहत नाहीत. नफा सुशोभित करायला मुद्दाम सोडलेली चूक तर रकमेवरून मोजूच नये, असाच त्या परिपत्रकाचा रोख आहे.

दुसरा सापळा साचण्याचा. समजा एक तरतूद, म्हणजे संभाव्य खर्च किंवा बुडितासाठी नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम, दरवर्षी ४नं कमी पडते आहे. प्रत्येक वर्षी १०० नफ्यावर ४ची चूक म्हणून ती सोडली. पाच वर्षांनी ताळेबंदात २०चा खड्डा आहे. फक्त या वर्षाच्या नफ्यावरचा परिणाम पाहिला तर उत्तर ४ येतं. ताळेबंद आज बरोबर करायला किती लागेल असं विचारलं तर २०. पूर्वी कंपन्या सोयीची पद्धत घ्यायच्या. २००६च्या १०८ क्रमांकाच्या परिपत्रकानं दोन्ही पद्धतींनी मोजायला लावलं आणि दोन्हींपैकी एकीनं जरी चूक महत्त्वाची ठरली तरी दुरुस्ती करायला सांगितलं. म्हणून न दुरुस्त केलेल्या चुकांची यादी वर्षानुवर्षं एकाच तक्त्यात ठेवा आणि प्रत्येक ओळीसमोर दोन रकाने करा: या वर्षाचा परिणाम आणि साचलेला परिणाम. हा तक्ता लेखापरीक्षकाच्या फाइलमध्ये असतोच, कंपनीनं तो स्वतःचाही ठेवावा.

भारतात एक गोष्ट मिसळून जाऊ देऊ नका. सेबीच्या नियम ३०मध्ये २०२३च्या दुरुस्तीनंतर ठोस आकड्यांच्या मर्यादा आहेत: उलाढालीच्या २ टक्के, नक्त मत्तेच्या २ टक्के, किंवा गेल्या तीन वर्षांच्या करोत्तर नफा-तोट्याच्या सरासरीच्या ५ टक्के, यांपैकी जे सर्वांत कमी ते. पण या मर्यादा घडामोडी शेअर बाजाराला कळवण्यासाठी आहेत. हिशेबातली चूक क्षम्य आहे का, हे त्यांवरून ठरत नाही. त्यासाठी लेखामानकाची व्याख्या आहे: माहिती वगळल्यानं, चुकीची दिल्यानं किंवा झाकोळल्यानं वाचणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम होईल असं वाजवीपणे अपेक्षित असेल, तर ती महत्त्वाची. यातला ‘झाकोळणं’ हा शब्द आंतरराष्ट्रीय मानकात २०१८च्या दुरुस्तीनं आला. टिपांच्या चाळीस पानांत एक महत्त्वाची ओळ पुरून ठेवणंही त्यात बसतं.

पायरी ४: अंदाज बांधताना खोलीत काय चाललंय ते बघा

तिमाही संपून अठरा दिवस झाले आहेत असं धरा. टेबलावर येण्यांची वयवारी यादी आहे, म्हणजे कोणती रक्कम किती दिवस थकली आहे त्याची. एका मोठ्या ग्राहकाकडून ३० कोटी यायचे आहेत, १४० दिवस झाले. तरतुदीआधीचा नफा ६२. बाजाराची अपेक्षा ५८. उधारी सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाकडे तिमाही संपण्याआधीची एक ईमेल आहे: ग्राहकाच्या बँकेनं त्याची कर्जमर्यादा कमी केली आहे. त्याच्या मते निम्मी रक्कम धरावी, म्हणजे १५. विक्रीप्रमुख म्हणतात ग्राहक जुना आहे, पैसे येतील. बराच वेळ चर्चा होते आणि शेवटी आकडा ठरतो: ४.

६२ वजा ४ बरोबर ५८. कुणी खोटं बोललेलं नाही. पण हा ४ ग्राहकाकडे बघून आलेला नाही, तळाच्या ओळीकडे बघून आला आहे. नंतर चौकशी झाली तर तपास करणारा पहिली वजाबाकी हीच करून बघेल.

म्हणून क्रम उलटा करा. ज्यांनी अंदाज बांधायचा त्यांनी तो नफ्याचा मसुदा दिसण्याआधी लिहून द्यावा. टिपणात चार गोष्टी हव्यात: कोणती माहिती कोणत्या तारखेला हातात होती, कोणते पर्याय विचारात घेतले, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा काय येतो, आणि निवडलेला आकडा त्या पट्ट्यात जिथे आहे तिथे का आहे. विरोधी मत असेल तर ते मतासह लिहा. “व्यवस्थापनाच्या मते रक्कम वसूल होण्याजोगी आहे” ही एका ओळीची टीप मी कितीदा पाहिली आहे, आणि प्रश्न उभा राहिल्यावर ती कुणाच्याच उपयोगी पडलेली पाहिली नाही.

हे कायद्याशी कसं जुळतं? २०१५मध्ये ऑम्निकेअर प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं माहितीपत्रकातल्या मतांबद्दल निर्णय दिला. प्रामाणिकपणे धरलेलं मत पुढे चुकीचं निघालं म्हणून ते खोटं विधान होत नाही. पण मत मांडताना त्याच्या पायाशी विसंगत असलेली माहिती दडवली, तर ते मतही दिशाभूल करणारं ठरू शकतं. तरतूद म्हणजे मतच. हातात बँकेची ईमेल असताना “आम्हाला वसुलीची खात्री वाटते” असं लिहिणं म्हणजे नेमका तो प्रकार.

उलट बाजूचाही मोह आहे. खटले बहुतेक वेळा फुगवलेल्या नफ्यावर होतात, म्हणून काही कंपन्या भीतीपोटी जास्त तरतूद करतात आणि कठीण तिमाहीत ती हळूच मागे घेतात. १९९८मध्ये एसईसीचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी आपल्या गाजलेल्या भाषणात ज्या पाच युक्त्यांवर बोट ठेवलं, त्यांत ही बेगमीची बरणीही होती. एकदाच मोठा खर्च दाखवून पुढची वर्षं स्वच्छ करून घेण्याची युक्तीही त्याच यादीत होती. सावधपणाच्या नावाखाली केलेली जादा तरतूद ही चूकच असते आणि ती मागे घेतलेल्या वर्षी नफा फुगतो. तरतूद मागे घेताना ती करताना लिहिलं तितकंच सविस्तर टिपण लिहा.

हिशेबाच्या तारखेनंतर कळलेल्या गोष्टींचं काय? ग्राहकाची अवस्था त्या तारखेला आधीच बिघडलेली होती आणि दिवाळखोरीनं फक्त ती उघड केली, तर आकडा बदला. नंतर आग लागून त्याचा कारखाना जळाला असेल, तर आकडा तसाच ठेवा आणि टिपेत सांगा.

पायरी ५: आकड्याच्या भोवतीचे शब्द

अंडर आर्मर प्रकरण इथे परत येतं. आकडा मानकाप्रमाणे बसवून झाल्यावर त्याच्या शेजारी काय लिहायचं हा वेगळा निर्णय आहे आणि तो लेखा विभागानं जनसंपर्क विभागावर सोडू नये. अमेरिकेत वार्षिक अहवालातल्या व्यवस्थापकीय चर्चेत, माहीत असलेले कल आणि अनिश्चितता सांगाव्या लागतात. मालाची रवानगी पुढे ओढली असेल, तर पुढच्या तिमाहीवर पडणारा खड्डा हा माहीत असलेला कल आहे.

२०२४मध्ये मॅक्वारी प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियम १०बी-५च्या संबंधित कलमाखाली नुसतं गप्प राहणं कारवाईला पुरेसं नाही, अर्धसत्य मात्र पुरेसं आहे. यावरून “मग गप्पच राहू” असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घातक आहे. तिमाही निकालाच्या दिवशी कंपनी गप्प नसतेच. “मागणी जोरदार आहे” हे तीन शब्द बोलले गेले की अर्धसत्याचं दार उघडतं. शिवाय नियामकाकडे इतर कलमं आहेतच.

भविष्याबद्दलच्या विधानांना अमेरिकेत १९९५च्या कायद्यानं संरक्षण दिलं, सोबत अर्थपूर्ण सावधगिरीचा इशारा असेल तर. पण मानकांनुसार बनवलेल्या वित्तीय विवरणांत असलेल्या विधानांना ते संरक्षण नाही. म्हणजे तेच भाकीत व्यवस्थापकीय चर्चेत सुरक्षित आणि हिशेबाच्या टिपेत उघडं. टिपांमध्ये काय जातं आणि चर्चेत काय जातं, यावर वकील आणि लेखा विभागात जी ओढाताण होते तिचं एक कारण हे आहे. मानक जे टिपेत मागतं ते टिपेतच द्यायला हवं, ते बाहेर हलवता येत नाही. पण मानकानं न मागितलेला आशावाद टिपेत आणू नये.

‘समायोजित नफा’ दाखवायचा असेल, तर शेजारी मानकानुसारचा नफा निदान तितक्याच ठळकपणे हवा आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारा मेळही हवा. अमेरिकेत २००३पासून, तर युरोपीय संघात २०१६पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे मागितलं. आंतरराष्ट्रीय मानकांत नवं १८ क्रमांकाचं मानक १ जानेवारी २०२७पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होतं आणि त्यानं व्यवस्थापनानं ठरवलेले असे काही मापदंड थेट लेखापरीक्षित टिपांत आणले आहेत. एक नियम स्वतःसाठी पाळा: दरवर्षी येणारा ‘एकवेळचा’ खर्च वगळू नका.

पायरी ६: कुणाला कधीपासून माहीत आहे, याची नोंद

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर माणसं वैयक्तिकरीत्या अडकतात. मोठी तरतूद किंवा गुडविलची (दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जादा मोजलेल्या किमतीची) घट चर्चेत आली त्या क्षणापासून ती अप्रकाशित किंमतसंवेदी माहिती असू शकते. भारतात २०१५च्या इनसाइडर ट्रेडिंग नियमांनुसार आतल्या नियुक्त व्यक्तींसाठी व्यवहाराची खिडकी तिमाही संपताच बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. पण तिमाहीच्या मध्येच असा विषय निघाला, तर खिडकी त्याच दिवशी बंद करावी लागेल का हे अनुपालन अधिकाऱ्याला विचारा आणि माहिती मिळालेल्यांची नावं तारीखवार नोंदवा. सल्लागार, मूल्यांकनतज्ज्ञ, छपाईवाले यांचीही. युरोपात २०१६पासून लागू असलेल्या बाजार गैरव्यवहार नियमानुसार अशी माहिती शक्य तितक्या लवकर जाहीर करणं हाच मूळ नियम आहे. उशीर करायचा तर त्याची कारणं त्याच वेळी लिहून ठेवावी लागतात.

पायरी ७: सही करणाऱ्यापर्यंत शंका पोचते का?

एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या आणि वर्ल्डकॉमच्या हिशेब घोटाळ्यांनंतर जुलै २००२मध्ये सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा आला. कलम ३०२नुसार मुख्य कार्यकारी आणि वित्तप्रमुख स्वतः अहवाल प्रमाणित करतात, कलम ४०४नुसार अंतर्गत नियंत्रणांचं मूल्यमापन होतं, कलम ९०६खाली जाणूनबुजून खोटं प्रमाणपत्र दिलं तर तुरुंगवास आहे, हेतुपुरस्सर दिलं तर २० वर्षांपर्यंत. भारतात सूचीकरण नियमांतल्या १७(८) खाली असंच प्रमाणपत्र संचालक मंडळाला द्यावं लागतं.

सहीनं हिशेब आपोआप सुधारत नाही. सही करणाऱ्याला उधारीच्या व्यवस्थापकाची ईमेल दिसली का, हे महत्त्वाचं. म्हणून विभागप्रमुखांकडून खालून वर प्रमाणपत्रं घ्या, पण त्यांत ‘सर्व ठीक’चा ठोकळेबाज मजकूर नको. एक मोकळी जागा ठेवा: या तिमाहीत कोणत्या अंदाजाबद्दल तुम्ही सहमत नव्हता? पहिल्या दोन तिमाह्या ती जागा कोरी येते. तिसऱ्या तिमाहीत काहीतरी येतं, आणि ते लिहिणाऱ्या माणसाचे आभार मानले गेले तर पुढे येतच राहतं. हे मी स्वतः अनुभवलं आहे. लेखापरीक्षण समितीपुढे सगळे अंदाज ठेवू नका, ज्यांत मतभेद झाले आणि ज्यांत पट्टा सर्वांत रुंद आहे ते दोन-तीन ठेवा.

लेखापरीक्षकाला सांगताना निवडून सांगणं टाळा. सार्बेन्स-ऑक्स्लीच्या कलम ३०३नं लेखापरीक्षकावर दबाव आणणं आणि त्याची दिशाभूल करणं स्वतंत्रपणे बेकायदा ठरवलं आहे. ती ईमेल त्याच्यासमोर ठेवा, तुमचं उत्तरही ठेवा.

पायरी ८: चूक निघालीच तर

पहिल्या दिवशी तीन कामं: कागद आणि ईमेल जसेच्या तसे जपून ठेवण्याचा लेखी आदेश, लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना फोन, आणि आतल्या लोकांची खरेदी-विक्री बंद. कंपनी स्वतःचे शेअर परत विकत घेत असेल तर तेही थांबवा. ही गोष्ट गडबडीत राहून जाते.

मग पायरी ३ची मोजणी करा. जुने निकाल आता भरवशाचे नाहीत असं ठरलं, तर अमेरिकेत चार कामकाजाच्या दिवसांत ते जाहीर करावं लागतं आणि जुनी विवरणं दुरुस्त करून पुन्हा सादर करावी लागतात. जुन्या वर्षांसाठी चूक महत्त्वाची नाही, पण सगळी दुरुस्ती याच वर्षात टाकली तर हे वर्ष बिघडतं, असं दिसलं तर पुढच्या अहवालात तुलनेचे जुने आकडे सुधारतात. पहिली दुरुस्ती मोठ्या गाजावाजाची, दुसरी शांत. साहजिकच दुसरीकडे ओढा असतो.

इथे मोबदला परत घेण्याच्या नियमानं गणित बदललं. एसईसीनं ऑक्टोबर २०२२मध्ये नियम १०डी-१ स्वीकारला आणि अमेरिकेत सूचिबद्ध कंपन्यांना १ डिसेंबर २०२३पर्यंत त्याप्रमाणे धोरण करावं लागलं. दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्यांत, आधीच्या तीन वर्षांत चुकीच्या आकड्यांवर मिळालेला जादा मोबदला कार्यकारी अधिकाऱ्यांकडून परत घ्यायचा असतो आणि त्यांचा दोष होता की नाही हे बघायचं नसतं. त्यामुळे ‘ही चूक महत्त्वाची आहे का’ हे ठरवणाऱ्यांच्याच खिशाचा प्रश्न त्यात असतो. तो निर्णय ज्यांचा बोनस त्या आकड्यावर नाही अशा लोकांच्या हातात द्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात, कुणाचा हितसंबंध काय होता आणि कोण बाहेर बसलं, हे लिहा.

सगळ्यात शेवटी कारण शोधा आणि ते दुरुस्त्यांच्या नोंदीइतकंच नेमकं लिहा. “मनुष्यचूक” असं लिहून फाइल बंद करू नका. सूत्र कोणत्या कोष्टकात तुटलं, ते कुणी तपासायचं होतं, तपासलं का नाही, आणि ती माहिती कोणत्या तारखेपासून कुणाच्या संगणकात पडून होती, हे लिहा. नियामकाचा पहिला प्रश्न याच तारखेबद्दल असतो.